उष्णतेतून वीज काढणारी चिप: कोकणात ती कुठे चालेल, कुठे नाही

‘उष्णतेपासून वीज बनवणारी चिप’ अशी बातमी अधूनमधून मोबाईलवर फिरत येते. ती मे महिन्यात आली की कोकणातल्या माणसाच्या मनात एकच विचार येतो. घामाच्या धारा लागल्यात, कौलं तापून निघालीत, एवढी उष्णता फुकटात पडून आहे, मग तिच्यावर निदान घरातला पंखा तरी फिरायला काय हरकत आहे? प्रश्न रास्त आहे. उत्तर मात्र ‘नाही फिरणार’ असं आहे. आणि तरीही ही चिप कामाची आहे, अगदी कोकणातसुद्धा. फक्त मथळ्यात सांगतात त्या कामासाठी नाही.

वाया जाणारी उष्णता म्हणजे कोणती?

रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात एखाद्या ट्रॉलरच्या इंजिनखोलीत उतरून बघा. खाली पाय टेकला की आधी डिझेल आणि तापलेल्या ऑईलचा वास येतो, मग इंजिनाची धग लागते. सायलेन्सरच्या पाइपावर जाड दोर गुंडाळलेला असतो, कारण उघड्या पाइपाला चुकून कोपर लागलं तर कातडी सोलून निघते. त्या दोराच्या आत जे तापलंय ते सगळं पैसे मोजून भरलेलं डिझेल आहे. अशा इंजिनात जळणाऱ्या इंधनातली साधारण ३५ ते ४० टक्के ऊर्जा कामी येते. उरलेली धुरावाटे आणि थंड करणाऱ्या पाण्यावाटे निघून जाते. मासळी मिळो न मिळो, तिचे पैसे द्यावेच लागतात.

वेंगुर्ला, सावंतवाडीकडच्या काजू कारखान्यांत हेच वेगळ्या रूपात दिसतं. काजूची टरफलं जाळून बॉयलर पेटवायचा, त्याच्या वाफेवर बी शिजवायची. त्यात बॉयलरची भिंत, वाफेचे पाइप आणि धुराडं दिवसभर तापलेलं राहतं. जयगडला १,२०० मेगावॉटचं कोळशावरचं वीज केंद्र आहे. कोळशाच्या कुठल्याही केंद्रात एक युनिट वीज तयार होताना साधारण दीड ते पावणेदोन युनिट उष्णता बाहेर टाकावी लागते. यंत्रं खराब आहेत म्हणून असं होत नाही. उष्णतेचं काम करून घेण्याला निसर्गाचीच एक मर्यादा आहे. साडी कार्नो या फ्रेंच इंजिनिअरने ती १८२४ मध्ये मांडली. तिच्याकडे पुन्हा यायचं आहे, कारण आपल्या पंख्याचं उत्तर तिथेच दडलंय.

वीज उष्णतेतून नाही, फरकातून येते

१८२१ च्या सुमारास बर्लिनमध्ये थॉमस झेबेक यांनी दोन वेगवेगळ्या धातूंच्या पट्ट्या टोकाला जोडून एक वेटोळं केलं आणि एक सांधा तापवला. जवळ ठेवलेल्या होकायंत्राची सुई हलली. उष्णतेमुळे चुंबकत्व तयार झालं, असं त्यांना वाटलं. प्रत्यक्षात वेटोळ्यातून वीज वाहत होती आणि सुई तिच्यामुळे हलत होती. या परिणामाला आज झेबेक परिणाम म्हणतात. त्यावर चालणारं यंत्र म्हणजे थर्मोइलेक्ट्रिक जनरेटर. पुढे त्याला नुसतं जनरेटर म्हणू.

आत काय घडतं? वीज वाहून नेणारे इलेक्ट्रॉन गरम टोकाला जास्त ऊर्जेने धावतात, गार टोकाला कमी. त्यामुळे ते गरमकडून गारकडे सरकतात आणि गार टोकाला गर्दी करतात. गर्दी झाली की दोन टोकांत व्होल्टेज तयार होतं. गरम टोक आणि गार टोक दोन्ही असतील तरच हे घडतं. दोन्ही टोकं सारखीच तापलेली असतील तर सरकायला कारणच उरत नाही, मग तापमान ३३ अंश असो की ३००.

मे महिन्यातल्या पंख्याची गोष्ट इथेच संपते. तुमच्या ओटीवर, माडाखाली, खोलीत, सगळीकडे तीच ३३ अंशांची दमट हवा आहे. उष्णता भरपूर आहे पण फरक नाही. मनगटाच्या उष्णतेवर चालणाऱ्या घड्याळाच्या बातम्याही याच कसोटीवर तपासा. कातडीचं तापमान साधारण ३३-३४ अंश असतं. थंड देशात बाहेर १० अंश असताना ते घड्याळ छान चालेल. मालवणात मे महिन्यात दुपारी त्याला जवळजवळ काहीच मिळणार नाही.

फरक मिळाला तर मात्र ही युक्ती भरवशाची आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर सोव्हिएत संघात रॉकेलच्या दिव्यावर बसवायचा असा जनरेटर मिळे. वीज न पोचलेल्या खेड्यात दिवा उजेडही देई आणि त्याच्याच उष्णतेवर रेडिओही वाजे. १९७७ मध्ये सोडलेल्या दोन व्हॉयेजर यानांवर प्लुटोनियमची उष्णता आणि अंतराळातली थंडी यांच्यातल्या फरकावर वीज तयार होते. त्या जनरेटरमधला पदार्थ सिलिकॉन आणि जर्मेनियमचं मिश्रण आहे. एकही फिरणारा भाग नाही, तेल नाही, घासणं नाही. दुरुस्तीला कुणी जाऊ शकत नाही अशा ठिकाणी हे यंत्र वर्षानुवर्षं चालतं. या तंत्राचा खरा गुण हाच आहे आणि मथळ्यांत तो सहसा येत नाही.

सिलिकॉनच का, आणि इतका उशीर का?

चांगल्या जनरेटरच्या पदार्थाला दोन उलट गोष्टी जमाव्या लागतात. वीज त्यातून सहज जायला हवी आणि उष्णता अडायला हवी. उष्णता झटकन पार झाली तर गार बाजूही तापते आणि फरकच नाहीसा होतो. तांबं दोन्ही सोडतं, काच दोन्ही अडवते. बाजारात आज मिळणाऱ्या जनरेटरच्या चौकोनी पट्ट्या बहुधा बिस्मथ टेल्युराइडच्या असतात. गाडीत ठेवायच्या छोट्या फ्रिजमध्येही तीच असते, फक्त उलटी चालवलेली: वीज द्यायची आणि एक बाजू गार करून घ्यायची. हा पदार्थ कामाला उत्तम आहे, पण टेल्युरियम हे दुर्मीळ मूलद्रव्य आहे आणि तांबं शुद्ध करताना उपउत्पादन म्हणून मिळतं. खेळण्यापासून बॉयलरपर्यंत सगळीकडे लावायचं म्हटलं तर ते परवडणारं नाही.

सिलिकॉन मात्र पायाखालच्या वाळूत आहे. पृथ्वीच्या कवचाच्या वजनात त्याचा वाटा २७-२८ टक्के. त्याच्या चिप बनवणारे अवाढव्य कारखाने जगात आधीच उभे आहेत. अडचण एकच होती. सिलिकॉन उष्णता फार चांगली वाहतं, बिस्मथ टेल्युराइडच्या जवळजवळ शंभरपट. म्हणून कित्येक दशकं या कामासाठी त्याचा विचारच कुणी गंभीरपणे केला नाही.

मार्ग निघाला तो पदार्थ न बदलता त्याचा आकार बदलून. सिलिकॉनमध्ये उष्णता मुख्यतः अणूंच्या थरथरीतून पुढे जाते. ही थरथर कशाला न आदळता बराच लांब पल्ला मारते, शेकडो नॅनोमीटरपासून काही हजार नॅनोमीटरपर्यंत. (मिलिमीटरचे १० लाख भाग केले तर त्यातला एक भाग म्हणजे नॅनोमीटर.) इलेक्ट्रॉनचा पल्ला त्या मानाने अगदी तोकडा, काही नॅनोमीटरचा. आता मासेमारीचं जाळं आठवा. जाळ्याची आस, म्हणजे छिद्राचं माप, नेमकं राखलं तर जवळा निसटून जातो आणि सुरमई अडकते. सिलिकॉनची पाती शंभरएक नॅनोमीटर इतकी अरुंद केली की हेच होतं. मोठ्या पल्ल्याची थरथर पात्याच्या भिंतींवर आपटत राहते आणि अडते. इलेक्ट्रॉनला मात्र ती पाती पुरेशी रुंदच वाटते, तो निघून जातो.

जानेवारी २००८ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकाच्या एकाच अंकात बर्कली आणि कॅलटेक इथल्या दोन गटांनी हे दाखवलं. सिलिकॉनच्या अतिसूक्ष्म तारा घेतल्या की उष्णतेचं वहन साधारण शंभरपट कमी होतं आणि विजेचं फारसं बिघडत नाही. पण प्रयोगशाळेतली एक तार म्हणजे बाजारात मिळणारी वस्तू नव्हे. २०१९ मध्ये टेक्सास विद्यापीठाच्या डॅलस केंद्रातल्या संशोधकांनी टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या साथीने पुढचं पाऊल टाकलं. त्यांनी अशी सिलिकॉनची पाती नेहमीच्या चिप कारखान्याच्या पद्धतीने तयार केली. माझ्या मते या विषयातली सगळ्यात महत्त्वाची घटना हीच. नवा पदार्थ नाही, नवा कारखाना नाही, त्यामुळे उद्या तापमान मोजणारी चिप आणि तिला वीज पुरवणारा जनरेटर एकाच तुकड्यावर छापता येईल.

आता पंख्याचा हिशेब

२०१९ च्या त्या चिपची क्षमता खोलीच्या तापमानाजवळ जास्तीत जास्त अशी: दोन बाजूंत १ अंशाचा फरक असेल तर दर चौरस सेंटिमीटरला २९ मायक्रोवॅट. वॉटचे १० लाख भाग केले तर एक भाग म्हणजे मायक्रोवॅट. फरक दुप्पट झाला तर वीज चौपट होते, म्हणजे १० अंशांना २,९०० मायक्रोवॅट. १,००० मायक्रोवॅट म्हणजे १ मिलिवॉट, तेव्हा अजून ते ३ मिलिवॉटही नाहीत.

कमी वीज खाणारा आजचा बीएलडीसी पंखा साधारण ३० वॉट घेतो. भागाकार केला तर जवळजवळ १ चौरस मीटर नुसती चिप लागेल. आधुनिक कारखान्यात सिलिकॉनच्या ३०० मिलिमीटर व्यासाच्या चकत्या वापरतात, तशा पंधराएक चकत्या एका पंख्यासाठी खर्ची पडतील. शिवाय त्या सगळ्यांच्या एका बाजूला सतत १० अंश जास्त गारवा ठेवायचा. पंखा लावायचाच असेल तर त्यापेक्षा छपरावर सौर पॅनेल घ्या.

‘चिप आणखी सुधारली की होईल ना?’ असा पुढचा प्रश्न येतो. इथे कार्नो आडवे येतात: तापमानातला फरक जितका कमी, तितका उष्णतेतून विजेत बदलता येणारा वाटा कमी. बॉयलरची भिंत ८० अंश आणि हवा ३३ अंश असेल, तर जगातलं सर्वोत्तम यंत्रसुद्धा त्या उष्णतेच्या १३ टक्क्यांपलीकडे वीज काढू शकत नाही. आजच्या चांगल्या बिस्मथ टेल्युराइडला त्यातले दोन-अडीच टक्के साधतात. सिलिकॉन त्याहून मागे आहे. जयगडसारख्या केंद्रातून बाहेर पडणाऱ्या कोमट पाण्याचं तर आणखी कठीण. त्यातली एकूण उष्णता प्रचंड असते, पण ते पाणी आजूबाजूच्या पाण्यापेक्षा काही अंशांनीच गरम असतं. ७ अंशांच्या फरकावर कार्नोची मर्यादा २-३ टक्क्यांत संपते. अशी विखुरलेली उष्णता पाहून ‘केवढी ऊर्जा वाया जाते’ असं म्हणणं सोपं आहे. ती गोळा करणं तितकं सोपं नाही.

मग ही चिप हवी कुणाला?

जिथे वीज फार थोडी लागते पण ती कधीच थांबून चालत नाही, तिथे.

माझ्या ओळखीच्या एका काजू कारखान्यात बॉयलरजवळच्या वाफेच्या पाइपावर तापमानाची गोल डायल आहे. तिची काच वाफेने पांढरी पडलीय. बॉयलर सांभाळणारे काका दर तासाला मान वाकडी करून काटा वाचतात आणि वहीत आकडा टाकतात. पावसाळ्यात वहीची पानं दमटपणाने एकमेकांना चिकटतात. रात्री काय झालं ते सकाळीच कळतं. इथे सेन्सर बसवा म्हणावं तर वायर ओढायची कशी? पाइप तापलेला, उंदीर वायर कुरतडणारे. बॅटरीवर चालणारा बिनतारी सेन्सर लावला तर बॅटरीलाच उष्णता सोसत नाही. साध्या बटण सेलची मर्यादा ६०-७० अंशांची.

अशा सेन्सरला लागतं तरी किती? दहा मिनिटांनी एकदा जागा होऊन तापमान मोजायचं, रेडिओने आकडा पाठवायचा आणि झोपायचं, एवढंच काम असेल तर सरासरी ५० मायक्रोवॅटमध्ये भागू शकतं. ३ व्होल्टचा सीआर २०३२ हा बटण सेल त्याला सुमारे दीड वर्ष पुरेल. तेही कागदावरच्या हिशेबाने आणि थंड जागी ठेवला तर. आता त्याच पाइपावर चिप बसवली आणि तिच्या दोन बाजूंत फक्त २ अंशांचा फरक मिळाला, तरी दर चौरस सेंटिमीटरला ११६ मायक्रोवॅट निघतात. पाइप तापलेला आहे तोवर सेन्सर चालू. पाइप गार पडला आणि सेन्सर गप्प झाला, तर ते गप्प होणंसुद्धा एक खबर आहे.

ट्रॉलरवर याहून चांगली जागा आहे. इंजिन थंड करण्यासाठी समुद्राचं पाणी आत घेणारा पाइप २७-३० अंशांवर असतो आणि हातभर अंतरावर सायलेन्सरचा पाइप रटरटत असतो. गरम आणि गार दोन्ही बाजू आयत्या. इंजिन भर समुद्रात बंद पडण्याआधी बेअरिंगचं किंवा पाण्याचं तापमान वाढायला लागतं. ते वेळेत तांडेलाला कळलं तर वादळाच्या तोंडावर बोट आणि तिच्यावरचे खलाशी दोन्ही बंदरात परततील. माझ्या दृष्टीने मायक्रोवॅटचं मोल इथे आहे. मोठ्या वीज केंद्रांत आणि मँगो पल्पच्या कारखान्यांत वाफेच्या पाइपांवर जागोजागी स्टीम ट्रॅप, म्हणजे वाफ अडवून साचलेलं पाणी तेवढं बाहेर सोडणाऱ्या झडपा, असतात. त्यातला एक बिघडला तरी वाफ गळत राहते आणि कुणाला पत्ता लागत नाही. तिथेही हेच.

तुरळ, राजवाडी, उन्हवरे, राजापूरजवळचं उन्हाळे, या गरम पाण्याच्या कुंडांचा उल्लेख केल्याशिवाय राहवत नाही. काही ठिकाणी पाणी ६० अंशांच्या आसपास आणि शेजारून वाहणारा ओढा गार. कुंडाचं तापमान वर्षभर नोंदवणारा सेन्सर कुंडाच्याच उष्णतेवर चालवणं एखाद्या कॉलेजच्या मुलांना जमण्यासारखं आहे. सिलिकॉनची चिप मिळेपर्यंत बाजारातली बिस्मथ टेल्युराइडची पट्टी त्याला पुरेल.

आणि दरडींचं काय?

२०२१ मध्ये तळीये, २०२३ मध्ये इर्शाळवाडी. रायगड जिल्ह्यातल्या त्या दोन जुलैंनंतर ‘डोंगरउतारावर सेन्सर लावा’ ही मागणी योग्यच आहे. त्या सेन्सरना जमीन आणि हवा यांच्या तापमानातल्या फरकावर वीज द्यावी, असाही विचार मांडला जातो. फूटभर खोलीवरची माती आणि वरचा पृष्ठभाग यांच्यात उन्हाळ्यात खरोखरच चांगला फरक असतो. पण दरड कोसळते ती जुलैत, चार-चार दिवस धो धो पाऊस लागलेला असताना. ढग दाटले की दिवस-रात्रीतला फरक आटतो, पाणी मुरलं की माती आणि हवा जवळजवळ एका तापमानाला येतात. नेमकी गरज असते तेव्हाच जनरेटर उपाशी राहील. माणसांच्या जिवाशी संबंधित ठिकाणी हा भरवसा ठेवू नये. तिथे चांगली लिथियम बॅटरी आणि दर मे महिन्यात ती बदलून येणारा जबाबदार माणूस हाच मार्ग मला योग्य वाटतो.

सौर पॅनेल असताना हे कशाला?

उघड्यावर कशाला नकोच. भर उन्हात साधं सौर पॅनेल दर चौरस सेंटिमीटरला २० मिलिवॉटच्या आसपास देतं. वर पाहिलेल्या चिपला १० अंशांवर ३ मिलिवॉटही जमत नाहीत. पण इंजिनखोलीत ऊन येत नाही, बॉयलरच्या खोलीत येत नाही आणि पाइपावर काजळी बसते. ऊन नसेल आणि उष्णता कायम असेल, तीच या चिपची जागा.

अवघड असते ती गार बाजू

गरम बाजू फुकट मिळते, गार बाजू मिळवावी लागते. भिंत ८० अंश आणि हवा ३३ म्हणजे ४७ अंशांचा फरक चिपला मिळेल असं समजू नका. चिप कागदाइतकी पातळ. तिच्या मागे उष्णता हवेत सोडणाऱ्या ॲल्युमिनियमच्या पट्ट्या लावाव्या लागतात आणि फरकाचा मोठा वाटा त्या पट्ट्या आणि हवा यांच्यातच खर्च होतो. चिपच्या वाट्याला एखाद-दोन अंश येतात. आपल्याकडे त्यात खारी हवा. समुद्राकाठच्या घरांत ॲल्युमिनियमच्या खिडक्यांवर पांढरी भुकटी धरते, तशीच ती या पट्ट्यांवर धरते आणि उष्णता सुटायची वाट अडते. वर चांगला लेप हवा आणि महिन्यातून एकदा गोड्या पाण्याचं फडकं फिरवायला हवं. चिप स्वतः बंद डबीत असल्याने तिला खाऱ्या हवेची भीती कमी.

आणखी एक पथ्य आहे. चिप उष्णता अडवते म्हणूनच वीज देते. त्यामुळे जी वस्तू गार राहायलाच हवी, तिचं अंग या चिपने झाकायचं नाही. सेन्सरपुरता छोटा तुकडा लावला तर काही बिघडत नाही.

आधी उष्णता उष्णता म्हणूनच वापरा

आपल्या जुन्या चुलीला वैल असायचा. मुख्य चुलीवर भात शिजत असताना आतून येणाऱ्या उरलेल्या धगीवर वैलावर आमटी नाहीतर पाणी गरम राहायचं. त्या उष्णतेचं दुसऱ्या कशात रूपांतर करायला कुणी जात नसे, म्हणून ती जवळजवळ सगळी कामी यायची. काजू कारखान्यात फोडलेला गर बोर्म्यात, म्हणजे सुकवणीच्या भट्टीत, ७० अंशांच्या आसपास सहा-आठ तास सुकवावा लागतो. धुराड्यातली उष्णता तिथे वळवली किंवा बॉयलरला जाणारं पाणी तिच्यावर आधी कोमट करून घेतलं, तर जळण वाचतं. ते वाचणं चिपने दिलेल्या विजेच्या कितीतरी पट असतं. कारखानदाराने पैसे आधी तिथे घालावेत, मग सेन्सरचा विचार करावा.

आणि सेन्सरसाठी असा जनरेटर घेऊन कुणी दारात आलंच, तर त्याने सांगितलेले मिलिवॉट ऐकून लगेच भुलू नका. हा आकडा किती अंशांच्या फरकावर काढलाय ते विचारा. मग तो फरक भिंत आणि हवा यांच्यात मोजलाय की खुद्द चिपच्या दोन बाजूंत, तेही विचारा. माहितीपत्रकात २० अंश धरून १० मिलिवॉट लिहिले असतील आणि तुमच्या पाइपावर चिपला २ अंशच मिळणार असतील, तर फरक दसपटीने कमी झाला, म्हणजे वीज शंभरपटीने. हातात येतील १०० मायक्रोवॅट. तापमान कळवणाऱ्या सेन्सरला तेवढे पुरतात. कॅमेऱ्याला पुरणार नाहीत.